पेवातला मे महिना

हरिपुरात, संगमाच्या अलीकडे,
बंद पडलेल्या पेवाच्या तोंडावरची फरशी
जिन्नाप्पा मगदुमांनी पहारीनं सरकवली
आणि म्हणाले, थांबा, आधी कंदील.
दोरीला बांधून तो खाली सोडला.
पाच हात, दहा हात. ज्योत बारीक झाली,
विझली नाही.
"आता उतरू दे तुमचं गणित."

माझं गणित म्हणजे एका वायरीवर नऊ तापमापक,
शिंप्याच्या टेपनं मोजून दर अडीच फुटांवर एक,
आणि वहीत एक आंशिक अवकल समीकरण.
त्यातला वाकडा डी
पेवात वाकून बघणाऱ्या माणसासारखा दिसतो,
हे एम.एस्सी.ला कुणी सांगितलं नव्हतं.

आंशिक म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
म्हटलं, सगळंच एकदम बदलत असतं ना,
वेळ, खोली, ऊन, ओल;
त्यातल्या एकालाच हलू द्यायचं,
बाकीच्यांना म्हणायचं, जरा दम धरा.
"आमच्या घरात न्हाई जमलं ते कधी."

कॉलेजात म्हणतात, पीएच.डी.चं पेव फुटलंय.
म्हणणाऱ्यांनी पेव पाहिलेलं नाही.
जिन्नाप्पांनी फुटलेलं पाहिलंय.
पुराच्या साली पाणी आत शिरलं,
हळद फुगली, आणि रात्रभर
जमीन आतून कुणी ढकलावं तशी उचलत राहिली.
तेव्हापासून ते हा शब्द
दुसऱ्या कशासाठी वापरत नाहीत.

उष्णता मातीत चालत उतरते
आणि चालताना दमते.
वर वर्षभरात बारा अंशांची चढउतार,
दहा फुटांवर तीन अंशांची,
तळाशी जेमतेम अर्ध्याची,
तीही सहा महिने उशिरा.
खणभागातल्या पत्र्यांना चटका देणारा मे
इथल्या तळाला नोव्हेंबरात पोचतो.
वर पेटीतून स्वेटर निघतात, खाली उन्हाळा लागतो,
इतका बारीक, की हळकुंडाला पत्ता नाही.

पण साडेबारा फुटांवरचा ठिपका रेषेवर बसेना.
सर म्हणाले, तापमापक बदल. बदलला.
ठिपका तिथंच, हट्टी,
पंगतीत उशिरा येऊन उभा राहिलेल्या पाहुण्यासारखा.
मी सगळ्या मातीला एकच आकडा दिला होता,
आणि तो कंसाबाहेर काढून ठेवला होता,
देवळाबाहेर चप्पल काढावी तसा.

जिन्नाप्पांनी आलेख आधी उलटा धरला, मग सुलटा.
"बारा-तेरा फूट? तितं पांढरी लागती.
वर काळी, मग पांढरी. पांढरी चिवट, धरून ठेवती.
बानं खणलं तवा कुदळीचा आवाज बदलला हुता."
तो आवाज त्यांना वडिलांनी करून दाखवला होता.
त्यांनी मला करून दाखवला:
धप, धप, धप.
मग ठक्क.

त्या रात्री आकडा परत कंसात घेतला.
आता तो आकडा राहिला नाही,
खोलीप्रमाणे बदलणारं काहीतरी झाला,
वाकड्या डीच्या आत, मातीच्या हवाली.
दोन पानांचं काम तेवीस पानांवर गेलं.
ठिपका बसला.
विसाव्या फुटावरचा जरा सरकला,
ते मी अजून सरांना बोलले नाही.
संदर्भसूचीत लिहिलं होतं:
जि. बा. मगदूम, कुदळीचा आवाज, तोंडी.
सरांनी पेन्सिलनं गोल केलाय.

वायर वर ओढताना हात पिवळे होतात,
इतक्या वर्षांनी, रिकाम्या पेवात.
आई फोनवर विचारते, कधी व्हायचे तुझे हात पिवळे.
झालेत की, म्हणते मी.

आज एक नोव्हेंबर. कंदील जाऊन आला.
"खाली काय चाललंय?"
मे, काका.
"मग आंबं बघा आलेत का,"
म्हणत त्यांनी पहार उचलली,
आणि मी फरशीच्या दुसऱ्या टोकाला हात लावला.